बहात्तर तास आणि पाच मिनिटं

मागच्या वर्षी बाबांचं मणक्याचं ऑपरेशन झालं. अक्कलकोटहून त्यांना सोलापूरला नेलं होतं. सहा तास चाललं. आत्या बाहेर बाकड्यावर स्वामींचा जप करत बसलेली. चौथ्या तासाला टीममधला एक डॉक्टर हिरव्या कपड्यांतच बाहेर आला आणि चक्क चहा-बिस्किट खायला लागला! आत्याचा जप थांबला. "माझा भाऊ आत फाडून ठेवलाय आणि ह्याला चहा सुचतोय!" खरं सांगतो, राग मलाही आला होता.

हा राग येतो कुठून? विचार करताना आठवले आमच्या सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०. मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात गेले. १९४० मध्ये जपान्यांविरुद्धच्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशन्स केली, ८०० हून जास्त जखमींवर उपचार केले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर सिनेमा काढला. आमच्या डोक्यातला 'खरा डॉक्टर' तो हाच. न थांबणारा.

पण या गोष्टीचा शेवट आपण भरभर वाचतो. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय ३२. अपस्माराचे झटके. मुलगा जेमतेम काही महिन्यांचा. झोप न मिळणं हे अशा झटक्यांचं एक ओळखीचं निमित्त. त्यांच्या बाबतीत तसंच झालं असा माझा दावा नाही, पण मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख होते ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तर १९३९ साली ऑपरेशन करताना बोट कापून, त्यातून विषबाधा होऊन वारले होते.

युद्धात इलाज नसतो. जखमींची रांग लागलेली असताना थांबायचं कसं? प्रश्न असा आहे की साध्या मंगळवारच्या, आधी ठरलेल्या ऑपरेशनमध्येही आपण तोच नायक का शोधतो?

ठरवून थांबण्याचा इतिहास तसा ताजाच आहे. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनची तपासणी-यादी आणली. चिरा देण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं. रुग्ण कोण, ऑपरेशन कुठलं, हे मोठ्याने बोलायचं. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी याच्याही पुढे जाऊन पाहिलं. लहान मुलांच्या ५१ दुर्बिणीच्या ऑपरेशन्सपैकी काहींत दर २५ मिनिटांनी ५ मिनिटं सुट्टी, पोटात भरलेला गॅसही तेवढ्यापुरता सोडून द्यायचा. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले: सुट्टी घेणाऱ्या सर्जनच्या लाळेतलं ताणाचं संप्रेरक कमी, एकाग्रतेच्या चाचणीत चुका कमी. आणि गंमत म्हणजे ऑपरेशनचा एकूण वेळ वाढलाच नाही!

मला हे लगेच पटलं. एका रिलीजच्या रात्री, विसाव्या तासाला, मी भलतंच टेबल उडवलं होतं. बॅकअप होता म्हणून वाचलो. माणसाच्या मणक्याचा बॅकअप नसतो.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिने एकच विचारलं, "मग तो चहा पीत होता तेव्हा आत कोण होतं?"

लाख मोलाचा प्रश्न. आत दुसरा डॉक्टर होता. सगळी मेख इथेच आहे. एक तर सगळ्यांनी मिळून ठरल्या वेळी थांबायचं, नाहीतर जागेवर उभं राहायला दुसरा तयार माणूस हवा. नुसतं 'डॉक्टरांनी विश्रांती घ्यावी' म्हणून भागत नाही. तो दुसरा माणूस नेमावा लागतो, त्याचा पगार द्यावा लागतो. कोटणीसांना सुट्टी द्यायला तिथे कोणी नव्हतं. बाबांच्या वेळी होतं.

असो. बाबा आता काठीशिवाय वटवृक्ष मंदिरापर्यंत जाऊन येतात. त्या डॉक्टरला भेटलो तर चहा माझ्याकडून.