जुनी बंदूक आणि तिचं काडतूस

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह. राळेगणसिद्धीची सहल आपल्यापैकी बऱ्याच जणांनी केलेली आहे. तिथले नालाबांध, पाणलोट, गावाने उभं केलेलं काम यावर भरपूर लिहून झालं आहे. माझ्या मनात मात्र हे गाव आणखी एका कारणाने राहिलं. पारनेर तालुक्यातली पुष्कळ मुलं फौजेत गेली. अण्णा हजारे स्वतः लष्करात वाहनचालक होते आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात होते, हे सर्वांना माहीत आहे. मी बँकेत असताना आमच्या शाखेचे रखवालदारही राळेगणसिद्धीकडचेच निवृत्त जवान होते. आपल्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला ‘मेजर’च म्हणतात, तसे तेही मेजर.

मेजरांच्या हातात बँकेची बारा बोअरची बंदूक असे. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे मला त्यांनीच सांगितलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. पावसाळ्यात ते काडतुसं काढून एकेक बोटांनी चाचपून बघायचे, कारण कागदी पुठ्ठ्याचं काडतूस दमट हवेत फुगतं आणि ऐन वेळी नळीत जात नाही. बंदुकीला नुसतं तेलपाणी करून भागत नाही, तिचं खरं दुखणं काडतुसात असतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे निवृत्तीनंतर वाचन वाढलं, तेव्हा लक्षात आलं की हिंदुस्थानच्या इतिहासातही हे म्हणणं वारंवार खरं ठरलेलं आहे.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या ‘कार्तुशु’चं आपण काडतूस केलं. त्याआधीच्या तोड्याच्या बंदुकीला काडतूस नव्हतंच. दारू वेगळी, गोळी वेगळी, गजाने ठासायची आणि जळत्या जामगिरीने बार उडवायचा. प्रत्येक बंदूक कारागिराने हाताने केलेली, त्यामुळे एकीची नळी दुसरीसारखी नसे. गोळी पाडायचा साचा ज्याचा त्याने जपायचा. साचा हरवला तर चांगली बंदूकही गजासारखीच. जुन्या शस्त्राला नेमकी गोळी शोधण्याचा प्रश्न असा मुळापासूनचा आहे.

मग कंपनी सरकारच्या फौजेत कागदी काडतूस आलं. कागदाच्या पुडीत मोजून दारू आणि गोळी. पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली तेव्हा नळीत आतून पेचदार खाचा होत्या. गोळी त्यात सहज उतरावी म्हणून काडतुसाला चरबी लावलेली असे. ती गाईची की डुकराची, या प्रश्नावर पुढे काय झालं ते शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतच्या परेडवर ९० पैकी ८५ स्वारांनी जी काडतुसं घ्यायला नकार दिला, ती जुन्याच पद्धतीची होती. म्हणजे तोवर विश्वास उडाला होता. बंदूक कोणती हे कुणी विचारत नव्हतं, काडतूस कुठून आलं हे विचारलं जात होतं.

इंग्रजांनी यातून धडा घेतला, तो आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. उठावानंतर हिंदी पलटणींना त्यांनी नेहमी एक पिढी मागचं हत्यार दिलं. गोऱ्या सोजिरांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्या शिपायांना स्नायडर, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आपल्यांना मार्टिनी. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. काडतूस देशात तयार होऊ लागलं, पण त्याची किल्ली सरकारच्याच हातात.

पोलिसांसाठी तर आणखी एक युक्ती होती. ली-एनफील्ड, म्हणजे आपली ‘थ्री-नॉट-थ्री’, हिच्यासारखीच दिसणारी .४१० ची मस्केट बंगालमधल्या इशापूर कारखान्यात तयार केली गेली. नळी मोठी आणि आतून गुळगुळीत, मॅगझिनच्या जागी लाकूड ठोकलेलं, एका वेळी एकच बार. तिचं काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पितळी नळकांड्यापासून केलेलं, पण पुढचा गळा न आवळता सरळ ठेवलेला. लष्कराची गोळी तिच्या नळीत सैल पडे. ती बंडखोरांच्या हाती लागली तरी लष्करी गोळ्या तिच्यात चालवता येणार नाहीत, हा हिशेब.

हा हिशेब किती पक्का होता ते १८ एप्रिल १९३० च्या रात्री चितगावला दिसलं. मास्टरदा सूर्य सेन यांच्या तरुण क्रांतिकारकांनी पोलिसांचं आणि सहायक सेनेचं अशी दोन शस्त्रागारं ताब्यात घेतली. सहायक सेनेच्या शस्त्रागारात उत्तम रायफली आणि लुईस मशीनगन मिळाल्या, पण त्यांच्या गोळ्या सापडल्या नाहीत. त्या दुसरीकडे ठेवलेल्या होत्या. हातात आलेली चांगली शस्त्रं निरुपयोगी झाली. चार दिवसांनी जलालाबादच्या टेकडीवर ही पोरं सरकारी फौजेशी लढली, ती पोलिसांकडून मिळालेल्या मस्केटींवर. मशीनगनच्या गोळ्या मिळाल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार केला की अजूनही चुटपुट लागते.

सामान्य माणसाच्या बाबतीतही तेच धोरण. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना आला. लष्करी गोळी खाजगी बंदुकीत चालू नये म्हणून शिकारी बंदुकांसाठी वेगळी मापं निघाली. आपल्याकडच्या शेतकऱ्यांकडे परवान्यावर .३१५ ची रायफल दिसते, तिचं मूळ यातच आहे. सरकारी दारूगोळ्याशी तिचं काडतूस जुळत नाही, हीच तिची सोय.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न निराळा झाला. १९६२ साली चीनसमोर आपले जवान बहुतांशी थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. पुढच्या काही वर्षांत ७.६२ मिलिमीटरची नवी रायफल येत गेली. मेजर म्हणायचे, त्या बदलाच्या काळात आपल्या पेटीतली गोळी आपल्याच बंदुकीची आहे ना, हे आधी बघावं लागे. त्यात गोंधळ वाढवणारी एक बंदूक इशापूरलाच झाली, ती म्हणजे टू-ए-वन. रूप हुबेहूब ली-एनफील्डचं, पण पोलाद जास्त मजबूत आणि माप ७.६२. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड बाहेर आलेली असते, ७.६२ ला तशी नसते. थ्री-नॉट-थ्रीचं मॅगझिन तिरकं, हिचं चौकोनी. या बहिणी-बहिणी दिसल्या तरी एकीचं काडतूस दुसरीला चालत नाही. चुकीच्या गोळीने बंदूक फुटते आणि फुटते ती चालवणाऱ्याच्या तोंडाशी.

म्हणून जुन्या लष्करी बंदुकीचं काडतूस दिसण्यावरून ठरवत नाहीत, अक्षरांवरून ठरवतात. कुंद्याजवळच्या लोखंडी पट्टीवर कारखान्याचं नाव, नमुना आणि साल कोरलेलं असतं. इशापूरच्या स्वातंत्र्यानंतरच्या बंदुकांवर ‘आर.एफ.आय.’ असतं, टू-ए-वनवर ७.६२ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काडतुसाच्या बुडावरही तसंच. ‘के.एफ.’ म्हणजे आपली खडकी, तेव्हाची किर्की. सोबत सालाचे दोन आकडे आणि ‘मार्क’चा आकडा. माप तेच असूनही मार्क बदलला की गोष्ट बदलते. थ्री-नॉट-थ्रीची आधीची गोळी २१५ ग्रेनची आणि बोथट नाकाची. १९१० च्या सुमारास मार्क सातची १७४ ग्रेनची टोकदार गोळी आली आणि नेम धरायच्या निशाण्या नव्याने आखाव्या लागल्या.

माप, मार्क सगळं जुळलं तरी वयाचा प्रश्न उरतोच. जुन्या काडतुसाची टोपी कधी पेटत नाही, तर कधी घोडा ओढल्यावर क्षणभर थांबून मग बार उडतो. ‘फुसका निघाला’ म्हणून नळी उघडायला जावं तर घात. त्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राहतो आणि गंज धरतो. म्हणून पूर्वी शिपाई गोळीबार झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचे.

आपल्याकडे ही थ्री-नॉट-थ्री फार दिवस टिकली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात तीच होती आणि समोर एके-४७. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला निरोप दिला.

हे सगळं सोसायटीच्या अंकात कशाला, असं कुणी म्हणेल. कारण आपल्यातल्या काही घरांत वाडवडिलांची बंदूक किंवा ट्रंकेच्या तळाशी चार पितळी काडतुसं असू शकतात. १९५९ च्या कायद्यात, दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या जुन्यापुराण्या हत्याराला सूट आहे. पण ते तसं आहे की नाही हे आपण घरबसल्या ठरवायचं नसतं. चालू बंदुकीला परवाना लागतो, वारसालाही लागतो. काडतुसालाही लागतो, मग ते एकटंच का असेना. तेव्हा तसं काही सापडलं तर साफसूफ करायला बसू नका, नातवंडांना खेळायला देऊ नका, ‘बसतंय का बघू’ म्हणून तर मुळीच बघू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. बंदूक भिंतीवर शोभेल की नाही, ते त्यानंतर बघता येईल.