एका गावाची एकच यादी

गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीनंतर आमच्या एका गटाची मासिक बैठक दोन ठिकाणी भरली. सात जणी समाजमंदिरात बसल्या, चौघी एकीच्या अंगणात. गट आठ वर्षांचा आहे, हप्ता कधी चुकलेला नाही. पासबुक मात्र एकच, आणि त्यावर सह्या लागतात दोघींच्या. अध्यक्ष समाजमंदिरात, सचिव अंगणात. मधल्या मधे एका ताईचा शेळ्यांसाठीचा कर्जाचा अर्ज दोन महिने अडकून पडला. सातजणी हिंदू, चौघी मुसलमान, हे आम्ही त्याआधी कधी मोजलंच नव्हतं.

झालं काय, तर गावात दोन पॅनल उभी होती. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. एका प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात, आणि जितक्या जागा तितकी मतं आपण देतो. म्हणून पॅनल बांधताना पुढारी सगळ्या वाड्या-वस्त्यांतली माणसं घेतात. एक इकडचा, एक तिकडचा, एक बाई खालच्या आळीची. मनातून प्रेम असो नसो, गणितच तसं असतं. या वेळी ते गणित मोडलं. मतदानाला चार दिवस राहिले असताना फोनवर निरोप फिरू लागले. एका आळीत सांगितलं, ते निवडून आले तर देवळासमोरची जागा जाणार. दुसऱ्या आळीत सांगितलं, हे निवडून आले तर तुमच्या वस्तीची नळाची लाईन तोडणार. दोन्ही खोटं. देवळाची जागा आहे तिथेच आहे आणि नळाला पूर्वीसारखंच दिवसाआड पाणी येतं. पण निकाल चार मतांनी फिरला. गावच्या निवडणुकीत चार मतं म्हणजे एक घर. कधी तर मतं समान पडतात आणि चिठ्ठी काढावी लागते. म्हणून एकेका घरासाठी माणसं काहीही बोलतात.

त्या बैठकीनंतर आम्हा समन्वयकांना प्रश्न पडला की धर्मावर मत मागणं ही गोष्ट आपल्याकडे आली कुठून. फोन तर कालपरवा आला. बी.ए.ला असताना इतिहासात वाचलेलं थोडं आठवत होतं, बाकीचं पुन्हा वाचून काढलं. त्यातलंच आज सांगतो.

इंग्रजांच्या काळात सुरुवातीला गावोगावच्या बोर्डांवर माणसं नेमलीच जायची. १८८२ साली लॉर्ड रिपननं ठराव केला की नगरपालिका आणि लोकल बोर्डांत लोकांनी निवडून दिलेली माणसंही असावीत. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याची जमीन, ज्याचा कर, त्याचं मत. अशा वेळी ज्या समाजात जमीनदार आणि शिकलेले कमी, त्यांची भीती खोटी नव्हती की आपला माणूस कधी निवडूनच येणार नाही. १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या पुढारपणाखाली मुसलमान पुढाऱ्यांचं एक शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉय मिंटोंना भेटलं. त्यांनी कायदेमंडळासाठी तर मागणी केलीच, पण नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांतही आमच्या जागा वेगळ्या ठेवा, असं सांगितलं. १९०९ च्या कायद्यानं कायदेमंडळांत मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, १९१६ च्या कायद्यानं ते नगरपालिकेपर्यंत उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात लखनौला काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा करार झाला. त्यात काँग्रेसनं हे वेगळे मतदारसंघ मान्य केले, आणि आपले लोकमान्य टिळक त्या कराराच्या बाजूनं उभे राहिले. इंग्रजांविरुद्ध एकजूट व्हावी म्हणून. त्यामुळे एकाच बाजूला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

वेगळा मतदारसंघ म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घेऊ. राखीव जागा वेगळी. आज आपल्या गावात महिला राखीव जागा असते, तिथे बाईच उभी राहते, पण मत सगळं गाव देतं. वेगळ्या मतदारसंघात मतदारांची यादीच वेगळी. मुसलमान उमेदवाराला मुसलमानांनीच मत द्यायचं, बाकीच्यांना बाकीच्यांनी. आता तुम्हीच सांगा, ज्याला पलीकडच्या आळीचं एकही मत नको आहे, तो तिथला बंद पडलेला हातपंप बघायला जाईल कशाला? आणि आपल्याच आळीत दोघे उभे राहिले तर जास्त कडक कोण बोलतो याचीच चढाओढ लागणार. गोड बोलणारा, दोन्हीकडे जाणारा माणूस तिथे मागेच पडतो. आमच्या गावात जे चार दिवस झालं, ते त्या पद्धतीत कायमचं होतं.

बायकांचा यात कुठे संबंध आला, हे शाळेच्या पुस्तकात आम्हाला फारसं सापडलं नव्हतं. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानं बायकांना मत देण्याचं मान्य केलं, पण तेही जमीनजुमला, कर असलेल्या बायकांना. म्हणजे अगदी थोड्या. पुढे गोलमेज परिषदा सुरू झाल्या तेव्हा देशातल्या मोठ्या महिला संघटनांनी १९३१ साली मिळून निवेदन दिलं. त्यात प्रत्येक सज्ञान माणसाला मत, मग बाई असो की बुवा, असं मागितलं होतं. बायकांसाठी राखीव जागा नकोत आणि धर्माच्या वेगळ्या याद्या नकोत, असंही लिहिलं होतं. सरकारनं ऐकलं नाही. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी जातीय निवाडा जाहीर केला. त्यात बायकांना जागा दिल्या, पण त्या जागाही धर्माप्रमाणे वाटून. हिंदू बाईची वेगळी, मुसलमान बाईची वेगळी. न मागितलेलं दिलं आणि वर त्याचे तुकडे करून दिलं.

याच निवाड्यात दलितांनाही वेगळे मतदारसंघ दिले होते. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केलं आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. डॉ. आंबेडकरांनी वेगळी यादी सोडली, त्या बदल्यात १४८ राखीव जागा आल्या. तो प्रश्न जातीचा, आणि फार मोठा. त्यावर कधीतरी स्वतंत्र बोलू, दोन वाक्यांत उरकण्यासारखा तो नाही.

पुढच्या वर्षी, १९३३ मध्ये, लंडनच्या पार्लमेंटच्या समितीपुढे महिला संघटनांच्या तीन प्रतिनिधी गेल्या. राजकुमारी अमृत कौर, ज्या ख्रिस्ती घरातल्या. शरीफा हमीद अली, अब्बास तय्यबजींची मुलगी. आणि मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एक हिंदू. तिघींनी जाऊन सांगितलं की आम्हाला धर्माप्रमाणे वाटू नका. आम्ही हे वाचलं तेव्हा आमचं समाजमंदिर आणि ते अंगण डोळ्यांपुढे आलं. खरं सांगायचं तर सगळ्याच बायका या तिघींसारख्या बोलत नव्हत्या. निवाड्यानंतर महिला संघटनांतही मतभेद झाले. आपल्या समाजाच्या पुढाऱ्यांविरुद्ध जाणं सगळ्यांना परवडत नव्हतं. ते आपल्याला कळतं. नवरा एका पॅनलचा पोलिंग एजंट असताना बायकोनं बैठकीत काय बोलावं, हे बाहेरून सांगणं सोपं असतं.

पण जो निवाडा बायकांच्या नावानं दिला, त्याचं पुढे बायकांनाच कसं सोसावं लागलं, ते बेगम एजाज रसूल यांच्या बाबतीत दिसलं. १९३७ साली त्या संयुक्त प्रांतात बायकांसाठी राखीव नसलेल्या जागेवर उभ्या राहिल्या. यादी फक्त मुसलमान मतदारांची. पडदा न पाळणाऱ्या बाईला मत देणं धर्माविरुद्ध आहे, असा फतवा निघाला. तरी त्या निवडून आल्या. त्या मुस्लिम लीगमध्ये होत्या, आणि घटना समितीतल्या एकमेव मुसलमान स्त्री सदस्य. तिथे त्यांनी वेगळ्या मतदारसंघांना आणि धर्मावरच्या राखीव जागांनाही विरोध केला. अशानं अल्पसंख्य कायमचे बाकीच्यांपासून तुटतील, असं त्यांचं म्हणणं होतं. फाळणी झालेली, दंगली चाललेल्या, आणि लीगची बाई उभी राहून हे बोलते. छातीच लागते.

ऑगस्ट १९४७ मध्ये, सरदार पटेल अध्यक्ष असलेल्या सल्लागार समितीच्या अहवालावर घटना समितीनं वेगळे मतदारसंघ रद्द केले. मे १९४९ मध्ये धर्मावरच्या राखीव जागाही गेल्या. घटनेचं कलम ३२५ आज सांगतं की एका मतदारसंघाची एकच सर्वसाधारण मतदारयादी, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणाला त्यातून वगळायचं नाही. विधानसभेची हीच यादी प्रभागवार फोडून आपल्या ग्रामपंचायतीला वापरतात.

यादीत नाव येणं तरी सोपं होतं का? १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला याद्या करायला माणसं घरोघरी गेली, तेव्हा उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असं लिहा म्हणाल्या. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावं चालणार नाहीत म्हटलं आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गेल्या. आम्ही हे एका बैठकीत सांगितलं तर एक आजी म्हणाल्या, मग बरोबरच होतं की त्यांचं, नवऱ्यासमोर नाव कसं घ्यायचं! सगळ्या हसल्या.

यादी एक झाली म्हणून धर्मावर मत मागणं थांबलं असं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२३ आहे. धर्माच्या नावानं मत मागणं हा त्यात भ्रष्टाचार ठरतो, निवड रद्द होऊ शकते. १९५७ च्या निवडणुकीत तेव्हाच्या बिहारमधल्या एका आदिवासी भागात उमेदवाराचं चिन्ह होतं कोंबडा. आदिवासींच्या पूजेत कोंबड्याला मान. मग पत्रकात कोंबडाच बोलायला लागला की मला मताचा चारा घाला, विसरलात तर बघा. सुप्रीम कोर्टानं हा धर्माचा वापर धरला आणि निवड रद्दच राहिली. आपल्या मुंबईत डिसेंबर १९८७ ला पार्ल्याची पोटनिवडणूक झाली. तिथे हिंदुत्वाच्या नावानं मतं मागितली म्हणून हायकोर्टानं १९८९ साली रमेश प्रभू यांची निवड रद्द केली, आणि ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. त्या भाषणांसाठी बाळासाहेब ठाकरे यांचाही मताचा अधिकार सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी दुसऱ्या खटल्यात मनोहर जोशी यांची निवड मात्र कोर्टानं टिकवली. पुढे २ जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावानं मत मागायचं नाही. तिघांचं मत वेगळं होतं. म्हणजे न्यायमूर्तींनाही हे सरळ दोन रेघांत मांडता आलेलं नाही.

हे खटले आमदारकीचे. त्यांना वकील असतात, पुरावे असतात. आपल्या गावात पुरावा काय, तर कोणीतरी पुढे ढकललेला निरोप, आणि तो मतदानाच्या आदल्या रात्री सगळ्यांनी पुसून टाकलेला.

एक गोष्ट बोलायलाच हवी. एकच यादी असली तरी ज्यांची प्रभागात पंधराच घरं आहेत, त्यांचा माणूस पॅनलनं घेतल्याशिवाय येत नाही. १९०६ साली सिमल्याला गेलेल्यांची भीती अशा घरांत अजून आहे. बायकांचंही तसंच. डिसेंबर १९४६ मध्ये हंसा मेहता घटना समितीत अभिमानानं म्हणाल्या होत्या की आम्ही बायकांनी कधी राखीव जागा मागितल्या नाहीत. त्या मोठ्या होत्या, पण आमचा अनुभव वेगळा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा आल्या नसत्या, तर आमच्या गटातल्या दोघी कधी पंचायतीच्या खुर्चीवर बसल्या नसत्या. त्या दोघींपैकी एक समाजमंदिरातली, एक अंगणातली. दोघी एकदा एकाच पॅनलमधून निवडून आल्या होत्या, एकीच्या प्रचाराला दुसरीची सासू फिरली होती.

आणि तो शेळ्यांचा अर्ज? आम्ही दोन्हीकडे तीन तीन वेळा गेलो. समजूत घालून काही झालं नाही. शेवटी जिचा अर्ज होता ती ताईच दोघींच्या घरी गेली आणि म्हणाली, बाजार सोमवारी आहे, मला त्याआधी पैसे लागतील. अध्यक्ष आणि सचिव वेगवेगळ्या जीपनं तालुक्याला आल्या, काऊंटरवर शेजारी उभ्या राहून सह्या केल्या, एकमेकींशी बोलल्या नाहीत. परतताना मात्र जीप एकच मिळाली.

बैठक अजून दोन ठिकाणीच भरते. गेल्या महिन्यात पंचायतीच्या फलकावर नवी मतदारयादी लागली तेव्हा आम्ही सगळ्यांना आपापलं नाव बघायला नेलं. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, एवढेच रकाने. घर क्रमांकाप्रमाणे बघितलं तर अध्यक्षांचं नाव ११२ वर होतं आणि सचिवांचं ११३ वर. सचिवांच्या वयात चूक होती, चाळीसच्या जागी चौदा पडलं होतं. ती पहिल्यांदा अध्यक्षांनाच दिसली, आणि त्यांनी हाक मारून दाखवली.