योहान, जॉन आणि आमचा किसन

आमच्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे कागदोपत्री किसन बाबुराव हजारे. मूळ शब्द कृष्ण. बोलता बोलता झिजून त्याचा किसन झाला. माझे आजोबाही किसनच, सातबाऱ्यावर मात्र कृष्णा. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे दाखवायला वडिलांना प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पण नाव मराठी आहे का, असं कुणी विचारलं नाही.

नगरला कॉलेजात असताना माझ्या रूममेटला हाच प्रश्न यायचा. त्याचं नाव योहान. "म्हणजे जॉन ना? इंग्रजी नाव!" तो हसून सोडून द्यायचा. एकदा मला म्हणाला, "चार पिढ्या घरात मराठीच बोलतोय. अजून किती बोलू?" मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी त्या नावाच्याच मागे लागलो.

मूळ नाव हिब्रू, योहानान: 'देवाने कृपा केली'. ग्रीकमध्ये ते इओआन्नेस झालं, लॅटिनमध्ये योहानेस. पुढे ज्याच्या त्याच्या जिभेवर ते झिजलं. जर्मनांनी योहान ठेवलं, शिवाय त्याचं डोकं उडवून हान्स केलं. पोलंडमध्ये यान, हंगेरीत यानोश, रशियात इवान, स्पेनमध्ये हुआन.

मग 'ज' कुठून आला? आपल्याकडे यात्रेची जत्रा झाली ना, तसाच. लॅटिनमधला सुरुवातीचा 'य' इटालियन आणि जुन्या फ्रेंचमध्ये 'ज'कडे सरकला. इटलीत जोव्हान्नी झाला. फ्रान्समध्ये तो आणखी मऊ होत झाँ झाला. नॉर्मन लोकांबरोबर हे फ्रेंच रूप इंग्लंडात गेलं आणि जॉन झालं, आयर्लंडमध्ये शॉन. पोर्तुगीजांचा जुआंव गोव्यात उतरला. तिथे २४ जूनला सांजांवच्या सणाला पोरं आजही विहिरीत उड्या मारतात.

नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ मध्ये. मिशनरी इंग्रजी बोलणारे, पण मराठी बायबलात जॉन नाही, योहान आहे. म्हणजे माझ्या मित्राचं नाव इंग्रजीवरून आलेलंच नाही. उलट जॉनपेक्षा तेच मुळाच्या जास्त जवळ आहे.

हे सगळं मी त्याला रात्री जेवताना सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "म्हणजे योहान ही यात्रा आणि जॉन ही जत्रा!"

मग थोडं थांबून म्हणाला, "पण किसनला हे एवढं कधी सांगावं लागलं का रे?"