‘हिला ठाण्याला पाठवा’

‘हिला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ ही बोलणी आपण लहानपणापासून ऐकत आलो. थट्टेत आपणही बोललो असू. मग आमच्याच बचत गटातली एकजण बाळंतपणानंतर झोपेना, जेवेना, बाळाकडे बघेना. दृष्ट काढली, अंगारा लावला, देवऋषी झाला. दवाखान्यात न्यायला आम्हाला आठ महिने लागले. एवढा उशीर का झाला, हे शोधताना आम्ही जुन्या कायद्यांपर्यंत पोचलो.

इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांसाठी १८५८ साली कायदा केला, मग १९१२ साली नवा केला. घरच्यांनी अर्ज करायचा आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा, ही मुख्य वाट. भटकणाऱ्या माणसाला पोलीस धरून नेत. म्हणजे आजार मनाचा, पण रस्ता कोर्ट-कचेरीचा. १९५० च्या आधी आजच्यासारखी औषधंही नव्हती. आत गेलेलं माणूस कित्येकदा वर्षानुवर्षं परतत नसे. तेव्हा आपल्या आज्या-पणज्यांनी घरातलं दुखणं लपवलं, तो निव्वळ अडाणीपणा नव्हता. माणूस हातचं जाऊ नये म्हणून केलेली ती राखण होती. तो कायदा १९९३ पर्यंत चालला. तो गेला, भीती मात्र घरात राहिली.

बाईला आणखी एक भीती, नांदण्याची. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनाचा गंभीर आजार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. म्हणून आई म्हणते, “धाकटीचं लग्न होऊ दे, मग बघू.” पण नुसतं आजाराचं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली स्पष्ट केलं. ते आपल्यापर्यंत कुणी पोचवलंच नाही.

२०१७ च्या कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा आपला हक्क झाला. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढायचा आणि मानसोपचार डॉक्टरांना भेटायचं. त्याला कोर्टाचा हुकूम लागत नाही. घराबाहेर पडणं जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरावर दिवसा-रात्री कधीही मराठीत बोलता येतं.

आमची मैत्रीण आता पुन्हा गटाचा हिशेब लिहिते. पण बाळाचं पहिलं हसू तिला आठवत नाही. ते आठ महिने आमच्या भीतीने खाल्ले. पुढच्या मैत्रिणीला आपण इतकं थांबवायचं नाही.