जुन्या प्लास्टिक पिशव्यांपासून मुलांच्या वस्तू : कोणती पिशवी घ्यावी, काय बनवावं, शेवटी कुठं द्यावं

आठवडी बाजार करून आलं की घरात चार-पाच पिशव्या जमा होतात. त्यातल्या एक-दोन खुंटीला लागतात, काही चुलीत जातात, बाकीच्या उकिरड्यावर. शाळेत ‘टाकाऊपासून टिकाऊ’चा तास आला की पोरं याच पिशव्या मागतात. वस्तू छान होतात, प्रदर्शनात लागतात. पण महिनाभरानं तीच वस्तू पुन्हा उकिरड्यावर दिसते, आणि तिथं आपली जनावरं चरायला असतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गाईनं चारा सोडला, रवंथ थांबला, पोट फुगलं. डॉक्टरांनी डाव्या कुशीत चिरा देऊन पोटातून पिशव्यांचा गोळा बाहेर काढला. त्यात पोरांनी तोरणाला बांधलेली रंगीत पट्टीही होती, गाठीसकट. गाय वाचली. तेव्हापासून घरात पोरं पिशवी कापायला बसली की मी शेजारी बसतो. त्यातून जे शिकलो ते इथं देत आहे.

जनावर पिशवी का खातं?

गाय-म्हैस जिभेनं घास ओढून घेते आणि आधी गिळते, चावते नंतर रवंथ करताना. पिशवीत शिळी भाकरी, भाजीची देठं किंवा मिठाचा वास असला की ती पिशवीसकट आत जाते. प्लास्टिक पोटात पचत नाही आणि सहजासहजी पुढंही सरकत नाही. थोडं थोडं साचून त्याचा गोळा होतो. खिळा, तार किंवा स्टेपलरची पिन गेली तर धोका आणखी मोठा. ती पोटाच्या पडद्यातून हृदयापर्यंत टोचू शकते. म्हणून मुलांच्या कोणत्याही वस्तूत पिन किंवा तार वापरू नका. गाठ मारा किंवा सुईदोऱ्यानं शिवा.

आधी कायदा

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. दंड पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये आणि ३ महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा शाळेच्या कामासाठी म्हणून दुकानातून नवीन पिशव्या मागून आणायच्या नाहीत. घरात आधीच पडलेल्या, कुंपणाला अडकलेल्या पिशव्याच घ्यायच्या. नवीन पिशवी आणून वस्तू केली तर कचरा कमी झाला नाही, उलट वाढला.

कोणती पिशवी चालते?

चालतात : किराणा-भाजीच्या जुन्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, ब्रेडच्या पिशव्या, साडी-कपड्यांच्या पारदर्शक पिशव्या.

चालत नाहीत :
- औषध, तणनाशक, बियाण्याला लावलेलं रसायन यांच्या पिशव्या आणि पाकिटं. कितीही धुतली तरी नाही. कीटकनाशकाचं रिकामं पाकीट परत वापरू नये असं कीटकनाशक नियमांतच आहे.
- खताच्या गोणीतली आतली पिशवी.
- दवाखान्यातून आलेल्या पिशव्या.
- वेफर, कुरकुऱ्यांची आतून चकाकणारी पाकिटं. ती कापून वस्तू होते, पण नंतर भंगारवाला ती घेत नाही.

काही पिशव्यांवर त्रिकोणात आकडा असतो. २ असेल तर ती कडक, चुरचुर आवाज करणारी. ४ असेल तर मऊ, ताणली जाणारी. दुधाची पिशवी याच जातीची. वेणी घालायला मऊ पिशवी चांगली, गोंडे करायला चुरचुरीत. आकडा नसेल तर हातानं चुरगाळून आवाज ऐका. हातात तुकडे पडत असतील तर ती पिशवी उन्हानं कुजली आहे, घेऊ नका.

धुणं आणि वाळवणं

दुधाची पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, लोंबकळता ठेवा. तो चिमूटभर तुकडा कुणी वेचत नाही आणि तो थेट मातीत जातो. रिकामी पिशवी आधी गार पाण्यानं विसळा, मग साबणानं. नंतर उलटी करून दोरीवर चिमट्यानं लावा. आत ओल राहिली तर वास सुटतो आणि वस्तूला मुंग्या लागतात.

पट्टी कशी काढायची?

हँडलची पिशवी ही मुळात प्लास्टिकची लांब नळी असते. वरून-खालून गरम करून चिकटवायची आणि हँडलचा आकार कापायचा. या पिशवीचं अमेरिकेतलं पेटंट १९६५ साली स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला मिळालं. रचना स्टेन गुस्ताफ थुलिन यांची. आपल्याला उलटं करायचं आहे, म्हणजे पिशवीची पुन्हा नळी करायची.

१. पिशवी पाटावर सपाट करा, हातानं हवा काढा.
२. वरची हँडलं आणि खालची चिकटवलेली कड कापून टाका.
३. उरलेल्या नळीची लांब घडी घाला आणि आडव्या ३-३ सेंटिमीटरच्या चकत्या कापा, शेवगा चिरतो तशा.
४. प्रत्येक चकती उघडली की गोल कडी होते. एक कडी दुसरीत घालून स्वतःतूनच ओढून घ्या. कड्या एकमेकींत अडकून लांब धागा होतो.

ओढताना हिसका देऊ नका, कडी तुटते. पुण्यातल्या रिचरखा या उपक्रमात टाकाऊ पिशव्या अशाच धुऊन, पट्ट्या कापून चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणतात. त्यांच्या बॅगा बाजारात विकल्या जातात. म्हणजे काम पोरखेळाचं नाही.

काय बनवता येतं?

उडीची दोरी (८ वर्षांपुढं) : सपाट केल्यावर ३० सेंटिमीटर रुंद आणि कापण्याजोगी ३५ सेंटिमीटर लांब असलेल्या एका पिशवीतून साधारण ११ कड्या निघतात. सव्वादोन मीटरच्या दोरीला प्रत्येक पेड ३ मीटर लांब लागतो, कारण वेणीत लांबी कमी होते. पेड दुहेरी धाग्याचा घ्या, नाहीतर दोरी हलकी होते आणि फिरत नाही. एकूण सहा-सात पिशव्या लागतात. खिडकीच्या गजाला टोक बांधा आणि तीन पेडी वेणी घाला. आजोबांकडून कासरा वळायला शिकलेलं पोर हे दहा मिनिटांत करतं. टोकांना दुहेरी गाठ मारा.

गोंडे (६ वर्षांपुढं) : चार बोटं रुंद पुठ्ठ्यावर पट्टी ४०-५० वेढे गुंडाळा. पुठ्ठा काढून मध्ये सुती दोऱ्यानं घट्ट आवळा, दोन्ही बाजूंचे वेढे कापा आणि फुलवा. घरातल्या दाराला तोरण होतं. पोळ्याला हे गोंडे बैलाच्या शिंगाला किंवा झुलीला लावू नका. शेजारचा बैल ओढून खातो. बैलाला सुती किंवा लोकरीचेच गोंडे घाला.

बसकर (१० वर्षांपुढं) : दुधाच्या पिशव्या उभ्या कापून उलगडा, घड्या घालून दोन बोटं रुंद पट्ट्या करा. एकाला एक शिवून लांब करा. मग बाजेच्या पट्टीसारखं एक खालून, एक वरून असं विणा. कडा आत दुमडून शिवा. शेतात ओल्या बांधावर बसायला उपयोगी पडतं.

फेविकॉलनं पिशवी चिकटत नाही, वाळल्यावर सुटते. त्यात पैसे घालू नका.

हे करू नका

- पिशव्या इस्त्रीनं किंवा मेणबत्तीनं वितळवून जोडणं मुलांच्या हाती देऊ नका. वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं आणि धूर छातीत जातो. उरलेले तुकडे चुलीतही घालू नका.
- पाच वर्षांखालच्या मुलाजवळ अख्खी पिशवी ठेवू नका. डोक्यात घातली तर नाकातोंडाला चिकटून श्वास कोंडतो. ठेवायचीच असेल तर मध्ये गाठ मारून ठेवा.
- वेणीची दोरी गळ्यात घालून खेळू देऊ नका. झोक्यालाही ती बांधू नका, वजनानं ताणून तुटते.
- या वस्तूंत जेवण, खाऊ ठेवू नका.

शेवटी कुठं जाणार?

प्लास्टिक उन्हात राहिलं की कडक होतं आणि पापडासारखं तुटतं. त्याचे बारीक तुकडे मग मातीतून वेचता येत नाहीत. म्हणून तोरण सावलीत लावा आणि रंग उडायला लागला की उतरवा.

कापताना निघालेली हँडलं, कडा, तुकडे लगेच एका बाटलीत किंवा गोणीत भरा. काम संपल्यावर अंगण झाडून घ्या. जुनी वस्तू, तुकडे सगळं मिळून भंगारवाल्याकडं किंवा ग्रामपंचायतीच्या प्लास्टिक संकलनात द्या. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. आपल्या तालुक्यातलं केंद्र कुठं आहे आणि गावातून गाडी कधी जाते, हे ग्रामसेवकांना ग्रामसभेत विचारा.

शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शन झाल्यावर वस्तू मुलांबरोबर घरी पाठवताना गोणीही सोबत द्या, आणि वस्तू जुनी झाली की त्या गोणीत भरून परत आणायला सांगा. किती वस्तू परत आल्या, यालाही गुण द्या. आमच्या गाईच्या पोटातली पट्टी कोणाच्या तरी चांगल्या मार्कांच्या तोरणाचीच होती.