चतुराचा फोटो

चतुराचे पंख कसे हलतात ते कळावं म्हणून माणसानं आधी त्यालाच खोलीत आणलं. 1904 च्या सुमारास पॅरिसच्या मारे इन्स्टिट्यूटमध्ये डब्लिनला जन्मलेल्या लुशियन बुल यांनी विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात त्याचं उड्डाण टिपलं. सेकंदाला हजाराहून अधिक चित्रं! नळीतून किडा सुटला की यंत्र आपोआप चालू. म्हणजे कैद्यानंच कळ दाबायची, बघा.

तळ्याकाठी ही सोय नाही. पण चतुर बरेचदा उडून पुन्हा त्याच काडीवर येतो. म्हणून मागे धावू नये, काडीवर फोकस लावून बसावं, आपली सावली पडू देऊ नये. जाणायचं तर वस्तू ताब्यात हवी, असं वर्गात मी वर्षानुवर्षं शिकवलं. तळ्याकाठी तासभर बसलो, तेव्हा एक फोटो मिळाला. तोही जरा हललेलाच.