रिव्हर्स गिअर

परवा भाच्याला घेऊन अहिल्यानगरच्या (आमच्या तोंडी अजून नगरच!) रणगाडा संग्रहालयात गेलो होतो. रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती गाडीपाशी तो थबकला. "मामा, हिला तोफच नाही? नुसती मशीनगन? मग ही लढणार कशी?"

तेव्हा काहीतरी थातुरमातुर सांगितलं खरं, पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन पुस्तकं काढली.

तर मंडळी, टेहळणीच्या गाडीचं मुख्य काम लढणं नव्हेच. शत्रू कुठे आहे, किती आहे, पुढचा पूल शाबूत आहे का, हे बघायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जिवंत परत यायचं.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची डेमलर डिंगो घ्या. माणसं दोनच, एक ब्रेन गन, समोर ३० मिमी चिलखत, वेग ताशी सुमारे ८८ किमी. खरी गंमत गिअरबॉक्समध्ये आहे. पाच गिअर पुढे जायला आणि तेच पाचही मागे यायला! मान वळवून मागचं दिसावं म्हणून ड्रायव्हरची सीटही किंचित तिरकी. हिची थोरली बहीण म्हणजे डेमलर आर्मर्ड कार. तिच्यात कमांडरसाठी मागच्या बाजूला दुसरं स्टिअरिंग होतं. जर्मनांच्या आठचाकी गाडीत तर मागे तोंड करून बसलेला चक्क दुसरा ड्रायव्हर! देश एकमेकांचे वैरी, पण दोघांच्याही इंजिनियरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. अरुंद रस्त्यावर, समोर तोफ असताना, गाडी वळवायला वेळ मिळत नाही.

एवढं करूनही धोका टळत नसे. हे चिलखत बंदुकीच्या गोळ्या अडवी, रणगाडाविरोधी तोफेपुढे त्याचं काही चालत नसे. कित्येकदा शत्रूचा पत्ता लागायचा तोच मुळी पहिला गोळा पुढच्या गाडीवर आदळल्यावर. डिंगोचा सपाट तळ खडबडीत जमिनीवरून घसरत जायला सोयीचा, पण सुरुंगापुढे कमजोर.

आपली १६ वी लाइट कॅव्हलरी १९४५ मध्ये अशाच चिलखती गाड्या घेऊन ब्रह्मदेशात लढली. तिचे कमांडर होते जयंतनाथ चौधरी. हेच चौधरी १९४८ मध्ये सोलापूरहून हैदराबादवर गेलेल्या फौजेचे प्रमुख.

शाळेत आम्हाला 'माघार' हा शब्द खाली मान घालूनच वाचायला शिकवलं. गनिमी काव्याचा अभिमान सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी खरं तर असं करायला नको होतं.

रात्री भाच्याला फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पळपुटी गाडी?"

"नाही रे," मी म्हटलं, "तिच्यातल्या दोघांनी बघून सांगितलं, की मागच्या शेकडो जणांना रस्ता कळतो. आणि उद्याची टेहळणीही त्या दोघांनाच करायचीय ना?"

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, परत जाऊ या. मला ती नीट बघायचीय."

असो. पुढच्या रविवारी पुन्हा नगर!